चौकोनी भोकाचं नाणं

हॅझलडेल पार्कच्या फाटकाला त्या शनिवारी कुलूप नव्हतं. आत कुलूप लावण्यासारखं काही उरलं नव्हतंच म्हणा, पण इतकी वर्षं कोणीतरी ते इमानेइतबारे लावत आलं होतं. आता ते काढून टाकलेलं पाहिल्यावर एझेल बॅस्कमला जे कळायचं ते कळलं. सोमवारी बुलडोझर येणार होते. मग गोदाम उभं राहणार होतं, आणि ते एवढं मोठं की नाचघराचा चौथरा, रोलर कोस्टरचे उरलेसुरले खांब आणि बुजवलेला पोहण्याचा तलाव, सगळं त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. जाता जाता मेहेरबानी म्हणून मालकांनी नाणी शोधणाऱ्यांच्या क्लबला शेवटचा एक दिवस दिला होता.

क्लब कसला, निवृत्त म्हाताऱ्यांचा घोळका. ओहायोच्या ह्या पट्ट्यात आधी पोलादाचे कारखाने बसले, मग पार्क बसले, मग माणसं बसली. बसलेल्या माणसांनी करायचं काय, तर जिथं एकेकाळी मजा केली तिथली माती उकरायची. कानाला हेडफोन, हातात धातू हुडकणारा डिटेक्टर, कमरेला पिशवी, आणि गुडघे कुरकुरत असले तरी डोळ्यांत हाव. पार्कात नाणी सांडतातच. पाळण्यात उलटं टांगलं की खिसा रिकामा होतो, नाचून घाम आला की रुमालाबरोबर चिल्लर बाहेर पडते. अशा ठिकाणी ज्याचं बालपण गेलं, त्याला एखादं काळवंडलेलं चांदीचं नाणं मिळालं की तो दिवसभर हळवा होतो. एझेल हळवा होत नसे. त्याचं बालपण पार्कच्या कुंपणाबाहेर गेलं होतं. क्लबात काळा माणूस तो एकटाच होता, आणि हे कोणी बोलून दाखवत नसे, कारण सगळे चांगले लोक होते.

त्याचा जोडीदार डेल हुडाक. दोघं एकाच भट्टीवर राबले, एकाच दिवशी घरी बसवले गेले, आणि तेव्हापासून एकत्र माती उकरत होते. डेलचं तोंड कधी बंद नसे आणि मन कधी वाकडं नसे. एझेलची बायको गेली तेव्हा डेल महिनाभर दर दोन दिवसांनी कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा घेऊन येत होता. खारट असायचा, पण आणायचा. चांगली नाणी डेल अल्बमात लावी. झिजलेली, वाकलेली, भोकं पडलेली नाणी क्लबच्या लेखी मेलेली. ती तो हातोडीने ठोकून त्यांच्या माशांना भुलवायला गळाला लावायच्या चमक्या बनवी. अशी एक चमकी त्याने एझेलला वाढदिवसाला दिली होती. एझेलने ती पहिल्याच फेकीत धरणाच्या पाण्यात बुडालेल्या खोडाला अडकवली, थोडी ओढाताण केली आणि दोरी कापून टाकली. चांदी होती रे गाढवा, डेल म्हणाला होता, आणि दोघं होडी डुगडुगेपर्यंत हसले होते.

क्लबात एक रीत होती. कोण कुठं शोधतो आणि का, हे विचारायचं नाही. विचारलं की तुमचा त्याच्या जागेवर डोळा आहे असा अर्थ होतो. त्यामुळे सगळे नाचघराकडे आणि पाळण्यांच्या चौकाकडे धावत असताना एझेल दर वेळी एकटाच तलावाकडे का जातो, हे डेलने इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. ती जागा तर शोधणाऱ्याला वेड लावेल अशी. तलाव बुजवताना त्यात कारखान्यातली भट्टीची मळी ओतली होती, आणि मळीत लोखंडाचे खडे. डिटेक्टर तिथं सारखा केकाटतो. चांदीचा गोड आवाज त्या गोंगाटात ऐकू यायला कान तयार लागतो, आणि त्यातही नशीब लागतं. डेलला वाटायचं, एझेलला अवघड कामाची खाज आहे.

दुसरंही एक डेलला वाटायचं, की एझेलच्या डाव्या बुटात खिळा आहे. डिटेक्टरची थाळी त्याच्या डाव्या पायाजवळून गेली की किणकिणायची. नवे बूट घे की चिंगूस माणसा, असं डेल दर हंगामात एकदा तरी म्हणायचा. एझेलने दोनदा बूट बदलले, तरी पाय वाजतच राहिला.

पायात खिळा नव्हता. पायात नाणं होतं.

एझेलची आजी अलाबामातून आली ती तिकडचे उपाय गाठोड्यात बांधूनच. घरात मूल जन्मलं की त्या सालचं एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं चांदीचं नाणं, ती शोधून आणायची, घोड्याच्या नालेचा खिळा ठोकून त्याला भोक पाडायची आणि लाल दोऱ्यात ओवून मुलाच्या घोट्याला बांधायची. नालेचा खिळा चौकोनी, म्हणून भोकही चौकोनी. गावातल्या इतर आज्यांची भोकं गोल असत आणि त्यांना आजी नावं ठेवायची. नाणं पायात आहे तोवर कोणाची नजर लागत नाही, कोणी वाईट केलेलं बाधत नाही, आणि मेल्यावर ते पायात असलं की पुढची वाट चुकत नाही. एझेलचा ह्यावर विश्वास नव्हता. त्याने फक्त पंचाहत्तर वर्षांत ते एकदाही काढलं नव्हतं.

त्याच्या बहिणीचा मात्र विश्वास होता. व्हर्लीन त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. आणि तिचं नाणं ह्या तलावात गेलं होतं.

त्या काळी हॅझलडेलला काळ्या लोकांना वर्षातून एक सोमवार मिळायचा. त्या दिवशी पाळणे त्यांचे, आइस्क्रीम त्यांचं, आणि तलाव नेमका साफसफाईसाठी रिकामा. एरवी आत जायचं तर कामाला. एझेलची आई तलावाचे टॉवेल धुवायची. धुतलेल्या टॉवेलांची हातगाडी मुलं मागच्या दाराने पोचवायची. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. अकरा वर्षांच्या व्हर्लीनने हातगाडी एझेलच्या हाती दिली, टॉवेलांची चळत काठावर ठेवली, आणि सरळ चालत जाऊन पाण्यात उडी मारली. पोहता येत नव्हतं तिला. तरी ती वर आली आणि हसत होती, हे एझेलने पाहिलं. मग शिट्ट्या. सगळी पोरं किंचाळत बाहेर. तिला एका लांब बांबूने बाजूला ढकलत आणलं, हात कोणी लावला नाही. आणि ती अजून काठावर ठिबकत उभी होती तोच तलाव उपसायला सुरुवात झाली. आईचं काम गेलं. संध्याकाळी आजीने पोरीचा उघडा घोटा पाहिला आणि मारलं नाही, हेच घरच्यांना जास्त लागलं. आता जे यायचं ते येईल, एवढंच ती म्हणाली.

आणि आलं. व्हर्लीनचा पहिला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला. नवरा कारखान्यात क्रेनखाली गेला. आता दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि आठवड्यातून तीन वेळा रक्त मशीनमधून काढून घ्यावं लागत होतं. प्रत्येक वेळी ती शांतपणे म्हणायची की माझ्या पायात ते नाहीये ना. एझेल चिडायचा. गोऱ्यांच्या पोरांचेही बाप क्रेनखाली गेले, त्यांच्या पायात काय होतं, असं त्याने एकदा सुनावलं होतं. ती म्हणाली, "ते मला माहीत नाही. मला पुरताना ते पायात असू दे, बाकी मी काही मागत नाही." म्हणून तो डिटेक्टर घेऊन क्लबात आला होता. चांदीची नाणी, जुन्या कड्या, पदकं, सगळं मिळालं. मळीखालून त्याला ह्या एवढ्या वर्षांत फक्त एक कुलूप आणि बरेचसे खडे मिळाले होते.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत तेच चाललं. मग जेवायला सगळे गाड्यांपाशी जमले. क्लबात नुकत्याच आलेल्या एका निवृत्त मास्तरीण बाईंनी सहज विचारलं, इथं तलाव होता म्हणे, तो का बुजवला? एझेलने सँडविचचा कागद सोडायला घेतला. पुढे काय येणार ते त्याला पाठ होतं. डेलचा तो ठेवणीतला किस्सा होता.

"बुजवला नंतर," डेलने मांडी ठोकली, "आधी उपसला! मी सात वर्षांचा. ऐन उन्हाळा, आम्ही सगळी पोरं पाण्यात. एकदम शिट्ट्या, बाहेर निघा, बाहेर निघा! काय झालं, तर कोणीतरी पाण्यात घाण केली. अख्खा तलाव रिकामा केला हो. माझं तिकीट बुडालं ते बुडालं, माझा बाप तिथंच पंपावर कामाला, त्याला दोन दिवस तळाचा गाळ खरवडून चरात टाकावा लागला. मी अजून शोधतोय तो हगरा पोरगा कोण होता."

सगळे हसले. मास्तरीण बाईही हसल्या. दर वर्षी हसायचे तसेच, आणि दर वर्षी एझेल तोंडातला घास चावत राहायचा. हे ऐकून ऐकूनच त्याचं बोलायचं राहून गेलं होतं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा डेलला सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, नवी ओळख आहे. पुढे वाटलं, आता इतक्या वर्षांनी काय सांगायचं. माणूस चांगला आहे, खिमा आणून देतो, मग कशाला. असं करत करत त्याने तो किस्सा स्वतःच राखून ठेवल्यासारखं झालं होतं. पण आज शेवटचा दिवस होता आणि त्याला एकदम सगळ्याचा वीट आला.

"मुलगी होती ती," एझेल म्हणाला.

"काय?"

"पोरगा नव्हता. आणि घाण कोणी केली नव्हती. टॉवेल पोचवायला आली होती, उकडत होतं, उडी मारली. एवढंच. माझी बहीण. मी तिथं दारात हातगाडी धरून उभा होतो, डेल. तुम्हाला सगळ्यांना बाहेर पळताना बघत होतो."

मास्तरीण बाई हातातल्या सफरचंदाकडे पाहत बसल्या. मग एकाने घसा खाकरून, तो काळच वेगळा होता, असं काहीतरी पुटपुटलं, आणि दुसऱ्याने लगेच आभाळाकडे पाहून पावसाचा विषय काढला. एझेल उठला, डिटेक्टर उचलला आणि तलावाकडे निघाला. हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

थोड्या वेळाने डेल मागोमाग आला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. चर्चमध्येसुद्धा तो ती काढायला विसरायचा.

"इतक्यांदा ऐकलंस," डेल म्हणाला. "एकदा तरी माझ्या थोबाडीत द्यायची होतीस."

"तू सांगतोस चांगलं. लोक हसतात."

डेल उभाच राहिला. मग त्याने इतक्या वर्षांची रीत मोडली आणि विचारलं, "इथं तू शोधतोयस तरी काय?"

एझेल तलावाच्या फुटक्या काठावर बसला, डावा बूट काढला, मोजा खाली केला. काळसर, झिजून गुळगुळीत झालेलं नाणं, लाल दोरा मात्र ह्या उन्हाळ्यातला नवा. डेल खाली वाकून बघायला लागला. हाच तुझा खिळा, एझेलने सांगितलं. असंच तिचं होतं, आजीच्या हातचं, त्या दिवशी पाण्यात गळलं. ते घालून पुरा म्हणते.

डेलने त्याचा घोटा हातात धरला आणि अंगठ्याने नाणं उलटं केलं. मग त्याचा अंगठा भोकावर थांबला.

"चौकोनी आहे," तो म्हणाला.

"नालेचा खिळा. सगळ्यांना तसंच."

डेलने पाय सोडला. तो शेजारी काठावर बसला, बसला म्हणजे टेकला.

"पंपघराच्या मागे," डेल म्हणाला. "बापाने गाळ टाकलेला तो चर आहे ना, तिथं. बरीच वर्षं झाली. डाइमच होतं, काळं पडलेलं. भोकाचं, म्हणून मी पिशवीच्या मेलेल्या कप्प्यात टाकलं. लक्षात राहिलं कारण भोक चौकोनी, गळाची कडी त्यात नीट फिरेना. शेवटी ड्रिल मारून गोल केलं."

"कुठाय?"

डेल हातातली टोपी चुरगळू लागला.

"डेल, कुठाय ते?"

"तुला दिलं," डेल म्हणाला. "वाढदिवसाला."

एझेलला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि पहिल्यांदा आठवलं ते धरणाचं पाणी नव्हे. आठवलं त्याचं स्वयंपाकघरातलं टेबल. ती चमकी आठवडाभर तिथं मिठाच्या भांड्याजवळ पडून होती, मासेमारीचा मुहूर्त लागेपर्यंत. त्या रविवारी चर्चनंतर व्हर्लीन जेवायला आली होती. तिने ती उचलून बाजूला ठेवली होती, ताट ठेवायला जागा करायला. चेहरा, साल, सगळं ठोकून सपाट झालेलं. तिने हातात घेतलं होतं आणि तिला कळलं नव्हतं. त्यालाही नाही. मग तो ते घेऊन गेला, पाण्यात फेकलं, आणि त्याच्याच चाकूने दोरी कापली. आणि हसला होता.

डेल बोलायला लागला होता. आता थांबेना. तो धरणात पाणबुडे उतरवणार होता, पुतण्याची होडी आणणार होता, ते खोड कुठं आहे ते त्याला पक्कं आठवत होतं. मग बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं असावं की तळाशी माणूसभर गाळ आहे. त्याचे डोळे वाहत होते. "मी तुला दुसरं करून देतो," तो म्हणाला. "त्याच सालचं आणतो. नालेचा खिळा मिळवतो. भोक चौकोनीच पाडतो. हुबेहूब."

"गप्प बस, डेल."

डेल गप्प बसला. एझेलने मोजा वर ओढला, बूट घातला. त्याला डेलचा राग येत होता, आणि त्याहून जास्त राग ह्याचा की डेल रडत होता आणि आता त्यालाच समजवावं लागेल असं दिसत होतं. उपसणाऱ्याचा पोरगा. बापाने बाहेर टाकलं, पोराने उचललं, ठोकलं, भोक पाडलं, आणि प्रेमाने आणून हातात दिलं. इतक्या प्रेमाने दिलं की त्याला शिवीही देता येईना. आणि एक शब्द, पहिल्याच वर्षी एक शब्द बोलला असता तर चरातून उचलल्या उचलल्या डेल ते धावत घेऊन आला असता, हे एझेलला पक्कं माहीत होतं. त्याने डेलच्या खांद्यावर हात ठेवला नाही. डिटेक्टर गाडीत टाकला आणि निघाला. आरशात डेल अजून काठावरच बसलेला दिसत होता, टोपी हातात.

शनिवार व्हर्लीनचा मशीनचा दिवस. तो पोचला तेव्हा नर्सने तिच्या हाताच्या सुया नुकत्याच काढल्या होत्या आणि ती खुर्चीत गोधडी पांघरून बसली होती, दर वेळी होते तशी पिळून काढल्यासारखी. वाटेत त्याने ठरवलं होतं की सांगून टाकायचं. न बोलण्याने काय होतं ते आजच पाहिलं होतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

"मिळालं का रे, बारक्या?" तिने विचारलं.

"नाही."

"आज शेवटचा ना?"

"हो. सोमवारी खणायला लागतील."

तो पुढचं वाक्य काढणार, तोच ती हसली. अगदी मोकळी, पाण्यातून वर आल्यावर हसली होती तशी.

"मग राहू दे," व्हर्लीन म्हणाली. "काल रात्रभर मी हाच विचार करत होते. राहू दे तिथंच. माझा पाय लागला म्हणून पाणी फेकून दिलं त्यांनी. पण माझ्या पायातलं नाही फेकता आलं. वर मळी ओतली, आता गोदाम बांधतील, बांधू देत. तळाशी मी आहे. मी मेल्यावरही आहे. वाट चुकले तर चुकले, पण त्यांच्या त्या तलावातून मला काही ते काढू शकले नाहीत." तिने त्याच्याकडे पाहिलं. "आहे ना रे तिथं? इतकी वर्षं शोधलंस, तुझं मशीन काय म्हणतं?"

एझेल खाली वाकला. सुजलेला, दोरा नसलेला तिचा घोटा त्याच्या समोर होता. त्याने तिचा बूट सरळ केला आणि पाय हलकेच आत सरकवला.

"आहे," तो म्हणाला. "तिथंच आहे."

मग त्याने नाडी बांधली, आणि वर न बघता विचारलं की घट्ट तर नाही ना झाली. ती म्हणाली, थोडी सैल कर.